शाकारणी

घर फिरलं की वासे फिरतात, असं लोक म्हणतात.
मी चाळीस वर्षं छपरांवर आहे.
वासा फिरताना एकदाही पाहिला नाही.
फिरतात ती कौलं.

चैत्र सरला की बोलावणी येतात,
"बाबल, मागच्या पडवीत गळतंय."
मी शिडी लावतो, नळे उचलतो,
वाळवी झाडतो, विंचवाला वाट देतो,
आणि खाली बघतो तर निवडणुका.

आमच्याकडे फ्लेक्स कोणी फेकत नाही.
मतमोजणीच्या रात्री तो खांबावरून उतरतो
आणि वैशाखात कौलाखाली जातो.
दहा बाय सहाचा असला तर अख्खं माजघर सुटतं.
पडलेल्या उमेदवाराचा जास्त टिकतो,
त्याला ऊन कमी लागलेलं असतं.

खवळ्यांच्या घरी तळाला छत्री,
तिच्यावर कपबशी,
तिच्यावर पुन्हा छत्रीच, पण तिच्याखाली आता
कपबशीवाले भाई.
हात तेच. जोडलेलेही तसेच.
शेवंती खवळे खालून ओरडली,
"तोंड खाली करून घाल रे त्येचा.
मेल्याक दिसांदे तरी, चुलीर काय शिजता ता."

नऊ जणांची पंचायत, पाच वर्षांत सरपंच तीन.
अविश्वास ठराव दोनदा,
त्यातला एक ऐन शिमग्याच्या तोंडावर,
कारण पालखी आधी कोणाच्या दारात, ते ठरायचं होतं.
मनोहर खडपे भरतीला तरीतून पलीकडे गेला
आणि ओहोटीला परत आला तेव्हा उपसरपंच होता.
गावाने त्याला नावं ठेवली नाहीत.
पुढच्या खेपेला अकरा मतांनी घरी बसवलं
आणि त्याच्याच पुतण्याला निवडून दिलं.

तातू गुरवाने दोन्ही पॅनेलांसाठी देवीला कौल लावला.
दोघांनाही उजवं फूल पडलं.
मी विचारलं, असं कसं?
तातू म्हणाला, "देवीक सगळ्यांच्याच घराक जावचा असता."

जेटी मात्र प्रत्येक फ्लेक्सवर आहे.
तेच चित्र, तीच होडी, होडीवर तोच बगळा.
इब्राहिम सोलकर मासळीच्या टोपल्या
अजून कमरेएवढ्या पाण्यातून आणतो
आणि त्याच्या छपरात जेट्या चार आहेत.

वासे किंजळीचे. त्यांना कोणी विचारत नाही.
वर कोणीही आलं तरी वजन तेवढंच.

गेल्या वैशाखात भाई स्वतः आले.
माझी शिडी धरून उभे राहिले, भाई!
खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढल्या.
"बाबल, तू सगळ्यांची घरं वरून बघतोस.
सांग, कोणाच्या घरात कोण?"
म्हटलं, "भाई, सगळ्यांच्या घरात सगळे.
वर कोण आणि खाली कोण,
ते गळती बघून ठरतं."
नोटा घेतल्याच नाहीत, असं म्हणणार नाही.
एक घेतली.
परत देणार होतो, राहिलं.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगितली नाही.
प्रत्येक स्वयंपाकघरावर एक कौल काचेचं असतं.
तिथवर फ्लेक्स ओढला की खालून हटकून आवाज येतो,
कधी सासूचा, कधी सुनेचा,
एरवी दोघींचं कशात पटत नाही,
"थंय नको. तेवढा उघडा ठेव."

मग मी कात्रीने भोक पाडतो,
बहुतेक वेळा कोणाच्या तरी कपाळातून,
आणि उजेड चौकोनी होऊन
पिठाच्या डब्यावर पडतो.